५६ जिंकले, १३ हरले, तरी भाचा रडतोय. बेसबॉल समजणारं कोणी आहे का इथे?

भुसावळचा_मामा

राम राम मंडळी. विषय आपल्या भागातला नाही पण विचारतो, कोणाला तरी माहीत असेल. माझा भाचा दोन वर्षं झाली अमेरिकेत साऊथ कॅरोलिनाला शिकतोय, कॉनवे म्हणून गाव आहे, समुद्र जवळ. कॉलेज म्हणजे कोस्टल कॅरोलिना युनिव्हर्सिटी. पोरगा आपला भुसावळचा, टेनिस बॉल क्रिकेट खेळून मोठा झालेला, तिकडे जाऊन बेसबॉलचा नाद लागला. खेळत नाही हो, नुसता बघतो. पण बघणं कसं, तर फेब्रुवारीपासून दर सोमवारी माझ्या व्हॉट्सॲपवर रिपोर्ट. मामा तीनपैकी तीन जिंकलो, मामा तीनपैकी दोन जिंकलो. मी आपला अंगठा दाखवून मोकळा.

मग एप्रिल संपता संपता अंगठे दाखवून माझाच अंगठा दुखायला लागला. हरेचनात. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. शेवटी सलग २६ मॅच जिंकून फायनलला गेले. फायनलच्या दिवशी म्हणजे आपल्याकडे २२ जून २०२५ ला, रविवारी भल्या पहाटे फोन करून उठवलं, मामा लाइव्ह बघ म्हणे. लाइट गेलेली, मोबाईलला तीस टक्के चार्जिंग, बाहेर पाऊस येतो की नाही असं वातावरण, आणि मी ओट्यावर बसून काहीच कळत नसताना दोन अडीच तास बेसबॉल बघितला. स्कोअर काय तर १-०. आख्ख्या मॅचमध्ये एक रन! आणि तो पण समोरच्या टीमचा. दुसऱ्या मॅचला ५-३ ने हरले. झालं, संपलं, लुईझियानावाले एलएसयू चॅम्पियन. भाचा फोनवर हुंदके देऊन रडत होता, तो बारावीत मार्क कमी पडले तेव्हा पण रडला नव्हता.

तर माझे प्रश्न असे की कॉलेजची पोरं एका सीझनला ६९ मॅच खेळतात तर अभ्यास कधी करतात, आणि एवढ्या जिंकून दोन हरले की खेळ खल्लास हा कुठला न्याय, आणि तिसरं म्हणजे त्याने एक क्लिप पाठवली त्यात बॅटिंग करणाऱ्याच्या दंडावर बॉल फाडकन बसला आणि आख्खी टीम नाचतेय. आमची मंडळी म्हणे, पोराला लागलं आणि हे नाचताहेत, कोणत्या घरचे आहेत?

अजून एक. आमच्या शेजारचा पोरगा एफवायला आहे, त्याने कॉलेजच्या बेसबॉल टीमला नाव दिलंय. त्याचे वडील मला विचारतात, तुम्हाला त्यातलं कळतं ना, काय करू? मला काय कळतंय डोंबल. तरी सांगा.

आणि हो, टीमचं चिन्ह कोंबडा आहे. खरंच कोंबडा.

कॅचर_चाळीसगाव

मामा, तुम्ही बरोबर ठिकाणी आलात. मी १९९९ ला आपल्या विद्यापीठाकडून बेसबॉल खेळलोय, कॅचर होतो, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. आज सांगितलं तर पोरं हसतात, म्हणतात काका तुम्ही आणि बेसबॉल, पोट बघा.

आधी मॅचचं सांगतो. त्यांचा सीझन फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि नियमाने ५६ मॅच खेळता येतात, त्यानंतर बाद फेऱ्यांच्या वेगळ्या. आठवड्याचं गणित ठरलेलं, शुक्रवार शनिवार रविवार एकाच टीमशी तीन मॅच आणि मध्ये मंगळवार नाहीतर बुधवारी एखादी. म्हणून तुमचा भाचा सोमवारी "तीनपैकी तीन" पाठवायचा. ती सिरीज असते. अभ्यास बसमध्ये करत असतील, नाहीतर आपल्यासारखाच परीक्षेच्या आदल्या रात्री, मला काय माहीत.

पण खरी गोष्ट इथे आहे, नीट वाचा. बेसबॉलमध्ये बॅटिंगवाले रोज खेळू शकतात पण पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, रोज खेळू शकत नाही. तो शंभरेक बॉल जीव तोडून टाकतो आणि मग त्याचा हात आठवडाभर कामाचा नसतो. म्हणजे शुक्रवारचा पिचर वेगळा, शनिवारचा वेगळा, रविवारचा वेगळा, मंगळवारी चौथाच कोणीतरी, आणि प्रत्येकाच्या मागे मॅचच्या ९ इनिंगपैकी शेवटच्या दोन तीन सांभाळणारे वेगळे. एक भारी पिचर असला की एक मॅच जिंकता. सलग २६ जिंकायच्या म्हणजे तुमचा मंगळवारवाला पण समोरच्याच्या मंगळवारवाल्यापेक्षा चांगला पाहिजे, आणि शुक्रवारी शेवटच्या इनिंगला येणारा पोरगा रविवारी पुन्हा उभा राहिला पाहिजे. म्हणून मला सलग २६ चा आकडा एकूण ५६ विजयांपेक्षा मोठा वाटतो. कॉलेज बेसबॉलचा रेकॉर्ड सलग ३४ चा आहे, १९७७ ला टेक्सास आणि १९९९ ला फ्लोरिडा अटलांटिक, दोघांचे ३४. तिथून हे आठ मॅच लांब.

आमचं सांगतो म्हणजे फरक कळेल. आमचा सीझन तीन दिवसांचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाची टीम, मग दहा दिवसांचा कॅम्प आणि पुढे आंतरविद्यापीठला जायचं, हरलात की रात्रीची पॅसेंजर पकडून घरी. ग्राउंड काळ्या मातीचं, पिचरच्या माउंडला, म्हणजे उंचवट्याला, दोन टोपल्या मुरूम आणून टाकलेला, होम प्लेट (बॅटर उभा राहतो तिथली पाटी) ट्रकच्या टायरची कापून केलेली. लेग गार्ड एकच जोडी, त्यातल्या डाव्याचं बकल तुटलेलं ते मी बुटाच्या नाडीने बांधायचो. आणि पिचर किती? एक. बाकीचे खो-खो आणि हँडबॉलमधून सरांनी उचलून आणलेले. त्या एकाने दोन दिवसांत तीन मॅच टाकल्या. तिसऱ्या मॅचला मी ग्लोव्ह मांडायचो आणि बॉल माझ्यापर्यंत टप्पा खाऊन यायचा. मी सरांना सांगितलं याचा हात गेलाय, सर म्हणे अजून दोन इनिंग. आज तो मार्केट यार्डात असतो, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही त्याचा, शर्ट घालताना आधी उजवी बाही घालतो मग डावी.

म्हणून तुम्ही जी १-० ची मॅच बघितली ना, ती पुन्हा बघा. एलएसयूचा केड अँडरसन, डावखुरा, पूर्ण ९ इनिंग एकट्याने टाकल्या, १३० बॉल, १० जण स्ट्राइक आउट म्हणजे बॉल खेळताच न आल्याने आउट, आणि हिट फक्त तीन, म्हणजे बॅटने मारून तीनदाच कोणी बेसवर (पळण्याच्या थांब्यावर) पोचलं. आजकाल असं कोणी करत नाही. आणि कोस्टलच्या पिचरने, कॅमरन फ्लूकी नाव त्याचं, त्याने पण एकच रन दिला हो. एक रन देऊन हरला बिचारा. ती मॅच बघून तुम्हाला काही कळलं नाही म्हणता पण ज्याला कळतं त्याने पाण्याचा घोट पण घेतला नसेल.

धुळ्याचा_शेवभाजी

भाऊ मी सरळ बोलस, राग मानू नका. हरना म्हणजे हरना. २६ जिंकीसन फायनलमा दोन्ही हरनात, मंग त्यामा कौतुक काय शे? आपला इथे टीम फायनल हरनी ते लोके टीव्ही फोडतस आणि आठे तुम्ही हार घाली राहिनात.

आणि बॉल अंगावर लागल्यावर बेस मिळतो हा काय खेळ आहे का. आमच्याकडे लागला तर लेग बाय, आणि पळावं लागतं. फुकट काही नाही.

कॅचर_चाळीसगाव

शेवभाजी भाऊ, तुमची तर्री जरा कमी करा 😄 फुकट म्हणता, एकदा ताशी १४० ने येणारा तो बॉल दंडावर घेऊन बघा. बेसबॉलचा बॉल क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडा हलका असतो, पण तो टप्पा पडून नाही येत, थेट येतो.

अमळनेर_डलास

मी डलासला असतो, मूळ अमळनेर. कॉलेज बेसबॉल बघायला लागून बारा वर्षं झाली, ऑफिसातल्या एकाने नादी लावलं. मामांच्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची राहिलीत, ती देतो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

"दोन हरले की खल्लास हा कुठला न्याय." मामा, तोच तर न्याय आहे, उलट आपल्या नॉकआउटपेक्षा दयाळू. सीझन संपला की ६४ टीम निवडतात. १६ गावांत चार चार टीम. तिथे एक हार माफ, दुसऱ्या हारीला घरी. त्यातून १६ उरतात, त्यांची दोन दोनची जोडी, तीनपैकी दोन जिंका. मग ८ टीम नेब्रास्काला ओमाहा गावी जातात, १९५० पासून तिथेच होते ही कॉलेज वर्ल्ड सिरीज. तिथे पुन्हा एक हार माफ. आणि फायनल तीनपैकी दोन. म्हणजे कोस्टलने पहिली मॅच हरली ती माफच होती, दुसरी हरले तेव्हा संपलं.

आता यांनी तिथपर्यंत काय केलं बघा. ६४ मध्ये यांचा नंबर १३ वा लावला होता. पहिली फेरी घरच्या ग्राउंडवर, कॉनवेला. दुसऱ्या फेरीला अलाबामात ऑबर्नला जावं लागलं, ते चौथ्या नंबरचे, त्यांचं ग्राउंड, त्यांची गर्दी. पहिली मॅच १० इनिंगपर्यंत गेली, ७-६ ने काढली. दुसरी ४-१. मग ओमाहात ॲरिझोना ७-४, ओरेगन स्टेट ६-२, लुईव्हिल ११-३. एक हार माफ होती ती वापरलीच नाही. आणि हे कॉलेज काही एलएसयूसारखं बडं घराणं नाही हो. एलएसयूचं हे आठवं विजेतेपद, तीन वर्षांत दुसरं. कोस्टल सन बेल्ट नावाच्या लहान गटात खेळतं. जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजने पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना रांगेने हरवत फायनल गाठावी तसं समजा. (पुणेकरांनी लगेच उत्तर देऊ नये.)

अजून एक, जे भाच्याने तुम्हाला सांगितलं नसेल. केव्हिन श्नॉल म्हणून त्यांचा कोच, हेड कोच म्हणून २०२५ हे त्याचं पहिलंच वर्ष. त्याच्या आधी गॅरी गिलमोर होते, १९९६ पासून २०२४ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस एकोणतीस वर्षं एकच माणूस. श्नॉल याच कॉलेजात कॅचर म्हणून खेळला, गिलमोरच्याच हाताखाली, मग त्यांचाच असिस्टंट. गुरूची गादी चालवायला घेतली आणि पहिल्या वर्षी ५६ मॅच जिंकला. गिलमोरच्या काळात २०१६ ला हे खरोखर चॅम्पियन झालेले, ओमाहाला पहिल्यांदाच गेले आणि पहिल्याच वेळी जिंकून आले, ॲरिझोनाला शेवटच्या मॅचला ४-३ ने हरवून. त्या कॉलेजचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. म्हणून त्या गावाला वाटत होतं आता पुन्हा.

आणि फायनलच्या दुसऱ्या मॅचला झालं काय, तर पहिल्याच इनिंगला हा श्नॉल अंपायरशी वाद घालायला गेला आणि अंपायरने त्याला बाहेर काढलं. पहिली इनिंग! उरलेली आख्खी मॅच हेड कोचशिवाय खेळली पोरं. अंपायर बरोबर होता की चूक यावर इथे अजून भांडणं चालू आहेत. माझं मत विचाराल तर कोचने बाहेर यायला नको होतं, आणि अंपायरने पण फायनल आहे हे बघून दोन मिनिटं ऐकून घ्यायला पाहिजे होतं. त्यांचा जेकब मॉरिसन, जो पिचर आख्ख्या सीझनला एकही मॅच हरला नव्हता, तो नेमका त्या दिवशी हरला. भाचा रडला तर रडू द्या, मामा. मी एलएसयूच्या बाजूने होतो तरी मला वाईट वाटलं.

भुसावळचा_मामा

हे भाच्याने सांगितलं नव्हतं. फक्त "अंपायर मामा, अंपायर" एवढंच बोलत होता. मला वाटलं मला शिवी देतोय.

अमळनेर_डलास

😂😂 बरं, अंगावर बॉल घेण्याचं. हे वाचा शेवभाजी भाऊ तुम्ही पण.

पिचरचा बॉल बॅटरला लागला की बॅटर फुकट पहिल्या बेसवर. पण मुद्दाम अंग पुढे घातलं असं अंपायरला वाटलं तर नाही मिळत. तर कला कशात आहे, तर न हलण्यात. आपलं अंग बॉल बघून आपोआप मागे जातं, नाही का? कोस्टलच्या पोरांनी ते आपोआप जाणं बंद केलं. प्लेटच्या अगदी कडेला उभे राहायचे आणि आतला बॉल आला की खांदा फिरवून पाठीवर घ्यायचा, बस. २०२५ ला आख्ख्या देशात सगळ्यात जास्त वेळा बॉल यांनाच लागले. पिचर मग घाबरून आत टाकायचं बंद करतो, बाहेर टाकतो, बाहेरचे बॉल चुकीचे पडतात, फुकटचे बेस अजून मिळतात, आणि दोन जण बेसवर असताना एक साधी हिट पण दोन रन देते. होम रनवर, म्हणजे सिक्सरसारख्या फटक्यांवर, जगणारी टीम नव्हती ही. फुटाणे गोळा करून पोट भरणारी.

आणि या लागण्याची किंमत बघायची तर याच वर्षीचं ओमाहातलं दुसरं उदाहरण. अर्कान्सासचा गेज वूड नावाचा पिचर, १६ जूनला मरे स्टेटविरुद्ध. सात इनिंग झाल्या, एकही माणूस बेसवर गेला नाही. एकही. याला परफेक्ट गेम म्हणतात, पिचरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. आठव्या इनिंगला त्याचा एक वळणारा बॉल बॅटरच्या मागच्या पायाला घासून गेला. झालं, तो पहिल्या बेसवर, परफेक्ट गेम गेला. पुढे त्याने मॅच ३-० ने जिंकली, हिट एकही दिली नाही, १९ जण स्ट्राइक आउट केले, ओमाहात नो-हिटर १९६० नंतर पहिल्यांदाच झाला. पण परफेक्ट नाही. बुटाला बॉल घासला म्हणून.

धुळ्याचा_शेवभाजी

बुटाला घासना म्हणीसन?? ते पोरगं रडनं नही का

बरं हे मान्य करतो. पण मला एक सांगा, एवढे चांगले पोरं तर पैसे किती मिळतात? आयपीएलसारखं असेल ना.

अमळनेर_डलास

नाही भाऊ. २०२५ पर्यंत एका टीमला मिळून पूर्ण स्कॉलरशिप फक्त ११.७ देता यायच्या. साडेअकरा बारा स्कॉलरशिप आणि पोरं तीस पस्तीस, मग कोणाला अर्धी, कोणाला पाव, कोणाला काहीच नाही. म्हणजे बरीच पोरं घरून फी भरून खेळायची. २०२५-२६ पासून नियम बदलला, टीम ३४ ची आणि स्कॉलरशिपची ती मर्यादा काढली. जाहिरातींचे पैसे पण आता मिळतात पोरांना, मोठ्या कॉलेजात बरे मिळतात. खरा पैसा ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या लीगचे क्लब जुलैत पोरं निवडतात. चार वर्षांच्या कॉलेजात गेलात की तिसरं वर्ष संपेपर्यंत नाहीतर २१ वर्षांचे होईपर्यंत निवडता येत नाही. म्हणून होतं काय, टीम जमली की पोरं जातात. पुढच्या वर्षी तुमच्या भाच्याला अर्धी टीम नवीन दिसेल. हे पण एक कारण रडण्याचं, ही टीम पुन्हा एकत्र दिसणार नाही.

लेफ्टफील्ड_शहादा

इथे सगळे दादा-काकाच दिसताहेत म्हणून लिहिते. मी शहाद्याची, तीन वर्षं कॉलेजकडून बेसबॉल खेळले, मुलींची टीम असते बरं का, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, विचारतात सॉफ्टबॉल का? सॉफ्टबॉल वेगळं, त्यात बॉल मोठा आणि हात खालून.

शेजारच्या मुलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. काका, त्याच्या वडिलांना खरं खरं सांगा. नोकरीच्या आशेने खेळायचं असेल तर आधी कॉलेजच्या स्पोर्ट्सवाल्या सरांना आणि जिल्हा क्रीडा अधिकारी ऑफिसला जाऊन विचारा की कोणत्या लेव्हलच्या सर्टिफिकेटला काय मिळतं, कारण नियम बदलत राहतात आणि आमच्याकडच्या दोघींनी न विचारता स्पर्धेवर स्पर्धा केल्या, फाइल भरून सर्टिफिकेट, त्यातली बरीच धरलीच नाहीत. क्लब-बिबच्या नावाने पैसे घेऊन "नॅशनल" खेळवणारे पण भेटतात. त्यांच्यापासून लांब. बस एवढं.

सामानाचं सांगू का. ग्लोव्ह स्वतःचा घ्या. बॅट टीमची चालते, हेल्मेट टीमचं चालतं, ग्लोव्ह दुसऱ्याचा चालत नाही, हाताला बसतच नाही. नवीन ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो, आमच्या सरांनी सांगितलेलं तेल लावून मधे बॉल ठेवायचा, दोरीने बांधायचा आणि गादीखाली ठेवून झोपायचं. मी आठ दिवस तशी झोपले. आई म्हणे पाठीत काय टोचतंय तुझ्या, पलंग बदलू का. बॅट मात्र ॲल्युमिनियमची, कॉलेजात तिकडे पण धातूचीच चालते, १९७४ पासून, लाकडाची व्यावसायिक लीगमध्ये. तो "टिंग" आवाज येतो ना मामांच्या क्लिपमध्ये, तो त्याचा.

आणि २६ सलग वगैरे वाचून मला हसू येतंय. आमची टीम सलग चार जिंकली होती तर सरांनी सगळ्यांना बसस्टँडवर रसवंतीत नेलं होतं. एक एक ग्लास, बिना बर्फाचा, घसे बसतील म्हणून. मी लेफ्ट फील्डला उभी असायचे, नंदुरबारची दुपार, टोपीच्या आत ओला रुमाल, आणि बॉल येतच नाही यायचा. सात सात इनिंग एकही बॉल नाही. आणि मग ज्या क्षणी रुमाल सरळ करायला हात वर जातो तेव्हाच टिंग. तिकडे ६९ मॅच असं उभं राहणारी पोरं असतील, त्यांचं नाव कोणी घेत नाही, सगळे पिचर पिचर.

कॅचर_चाळीसगाव

ताई बरोबर बोललात. मी पण पिचर पिचरच केलं. कॅचर असून. आमची पण आठवण काढा, दीडशे वेळा उठाबशा असतात एका मॅचला. कोस्टलचा २०२५ चा कॅचर केडन बोडीन, बघा क्लिप मिळाली तर, बॉल पकडताना ग्लोव्ह इतका हळू आत आणायचा की चुकीचा बॉल पण अंपायरला बरोबर वाटायचा. श्नॉल स्वतः कॅचर, त्याच्या हाताखाली कॅचर तयार होणारच. आमच्या हाताखाली कोणी तयार झालं नाही, आम्हाला गुडघे मिळाले.

धुळ्याचा_शेवभाजी

कोंबड्याचं कोणीच सांगितलं नाही. मामांनी पहिल्याच पोस्टला विचारलंय. माझं सगळं लक्ष तिथेच आहे.

अमळनेर_डलास

शॉन्टिक्लिअर. इंग्लंडच्या एका सहाशे वर्षं जुन्या गोष्टीतला ऐटबाज कोंबडा, स्वतःच्या आरवण्यावर फिदा असलेला. कोल्हा त्याची स्तुती करतो, हा डोळे मिटून मान वर करून आरवतो आणि कोल्हा मान पकडतो. शेवटी कोंबडा युक्ती करून सुटतो पण. कॉलेजने तेच नाव घेतलं, सगळे लाडाने "शॉन्ट्स" म्हणतात.

धुळ्याचा_शेवभाजी

म्हणजे २६ वेळा आरवना आणि २७ व्या वेळी कोल्हानी धरी लिधा. आते समजनं 👍 पुढच्या वर्षी मी पण बघणार, मामा पहाटे मला पण मिस कॉल द्या.

भुसावळचा_मामा

मंडळी, सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. मी हा सगळा धागा भाच्याला पाठवला. त्याने सगळ्यात आधी चाळीसगावच्या भाऊंना विचारलंय की तो पिचर डाव्या हाताने बॉल टाकायला शिकला का नंतर. मी म्हटलं बाबा तो मार्केट यार्डात आहे, ओमाहात नाही.

शेजारच्या वडिलांना शहाद्याच्या ताईंचं सगळं वाचून दाखवलं. ते कॉलेजात जाऊन सरांना भेटून आले, म्हणे ग्लोव्ह घेऊन देतो पण तेल तू आण. इथपर्यंत ठीक.

काल संध्याकाळी पोरगा प्रॅक्टिसवरून आला तो थेट आमच्याच दारात, शर्टाची बाही वर करून. दंडावर एवढा मोठा निळा गोल, बॉलची शिवण पण उमटलेली, मोजता येत होते टाके. हसतोय नुसता. "काका, हललो नाही. बेस मिळाला." त्याची आई हळद घेऊन मागून पळत आली आणि आमची मंडळी मला म्हणते, हे सगळं तुमच्या मोबाईलमुळे. वडील चष्मा लावून बराच वेळ तो डाग बघत होते. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, याचे ग्रेस मार्क वेगळे मिळतात का?